जिवंत लाव्हा-घुमट पाहायला जाण्यापूर्वी

जावा बेटावरील मेरापीसारख्या जागृत ज्वालामुखीचा लाव्हा-घुमट पाहायला निघण्यापूर्वी नाशिककरांनी एक सकाळ त्र्यंबक रस्त्यावर घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. अंजनेरीच्या पायथ्यावरून दुर्बिणीने डोंगर पाहिला, की उभा काळा कडा, त्यावर गवताळ उतार आणि पुन्हा कडा अशी रचना दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेला बेसाल्टचा पातळ लाव्हा दूरवर पसरत गेला आणि थरावर थर साचले. त्यांतील घट्ट खडकाचे कडे झाले, तर सच्छिद्र, लवकर झिजणाऱ्या भागाचे उतार. ही रचना वहीत रेखाटून ठेवावी, कारण घुमटाची घडण नेमकी उलट असते. त्याच्या लाव्हात सिलिका अधिक असल्याने तो चिकट असतो, मुखापाशीच साचतो आणि आतून येणाऱ्या नव्या लाव्हाच्या रेट्याने फुगत राहतो.

ही वाढ नुसत्या डोळ्यांना सहसा जाणवत नाही. म्हणून निरीक्षणाची एकच जागा ठरवून, विवराच्या काठाचे एखादे स्थिर टोक चौकटीत घेऊन, रोज पहाटे ढग चढण्यापूर्वी त्याच भिंगाने छायाचित्र काढावे. माथ्यापेक्षा घुमटाच्या कडांकडे अधिक लक्ष द्यावे. तिथून तापलेला दगड सुटतो, आपटत फुटतो आणि त्याच्यामागे उतारावर धुळीची करडी रेघ उठते. दिवसा राखाडी दिसणारी तीच ताजी भेग रात्री लालभडक दिसते. दगड कोणत्या घळीत आणि किती खाली पोहोचले, हे वेळेसह लिहावे. पांढरी वाफ थोड्या वेळात विरते, राख मात्र वाऱ्याबरोबर दूर जाते. हा फरकही नोंदवावा.

अंतराच्या बाबतीत तडजोड करू नये. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेनचा घुमट ढासळून तप्त राख, वायू आणि दगडांचा लोट दरीतून उतरला, त्यात ४३ जण मरण पावले. मॉरिस व कातिया क्राफ्त आणि हॅरी ग्लिकेन हे अनुभवी ज्वालामुखी-अभ्यासकही त्यांत होते. २०१० मध्ये मेरापीचे असे लोट गेंडोल नदीच्या खोऱ्यातून सुमारे १५ किलोमीटरपर्यंत गेले. तेव्हा प्रशासनाने आखलेल्या प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची, दरीपासून दूर असलेली उंच जागाच निवडावी, आणि माथ्यावर पाऊस सुरू झाल्यास राखेचा चिखल वाहून येण्याचा धोका असल्याने नदीपात्रात किंवा पुलावर क्षणभरही थांबू नये.