नावेत गॅस बसवायचा तर आधी त्याला बाहेरची वाट द्या

मी पैठणला गॅस फिटिंग करतो. हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहांची स्वयंपाकघरं यांत 22 वर्षं गेली. नावेचं काम पहिल्यांदा आलं ते आमच्या दाजींमुळं. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, त्यांची पत्र्याची मोठी नाव आहे. मागं डिझेल इंजिन, पुढं झोपण्यापुरती केबिन. जाळी टाकली की चार माणसं दोन-दोन रात्री नावेवरच राहतात, तिथंच भाकरी आणि कालवण करतात.

दाजींनी बोलावलं ते शेगडी नीट पेटत नाही म्हणून. मी केबिनमध्ये उभा राहिलो, वास काहीच नव्हता. मग पाइप कुठून न्यायचा ते पाहावं म्हणून खालची फळी उचलली, पालथा पडलो आणि डोकं आत घातलं. वासानं डोळ्यांत पाणी आलं. शेगडीच्या टोकाला नळी सैल झाली होती आणि रात्रभर सुटलेला गॅस बुडात साचला होता. इंजिनाची बॅटरी तिथंच, हातभर अंतरावर. दाजी मागं किल्ली लावत होते. मी ओरडलो, "दाजी, किल्लीला हात लावू नका, आधी सगळे बाहेर निघा!"

तेव्हापासून नावेचं काम मी घरातल्यासारखं करत नाही. आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. घरात गळती झाली तर गॅस जमिनीवरून सरपटत उंबऱ्याबाहेर, मोरीतून, कुठून तरी निघून जायला वाव असतो. नावेला ना उंबरा ना मोरी. पाणी आत येऊ नये म्हणून ती चहूबाजूंनी बंद केलेली असते, त्यामुळं आत आलेला गॅस घंगाळात पाणी राहावं तसा राहतो. हवेत साधारण 2 टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते. एक किलो गॅस वीस घनमीटरहून जास्त हवा पेट घेण्याजोगी करतो. दाजींची केबिन आठ घनमीटरचीही नाही.

म्हणून पहिलं काम पाइपाचं नाही, टाकीच्या पेटीचं. टाकी केबिनच्या आत ठेवायचीच नाही. बाहेर, उघड्यावर, पत्र्याची पेटी वेल्डिंग करून घ्या. झाकण फक्त वरून उघडलं पाहिजे. बाजूला दार केलं तर दार उघडताच साचलेला गॅस पायाशी सांडतो. पेटीच्या सगळ्या जोडांना आतून पाणी भरून पाहा. पाणी झिरपलं तर गॅसही झिरपणार. पेटीच्या तळाला एक इंची पाइप लावून तो नावेच्या अंगातून थेट बाहेर काढायचा. वाटेत कुठं खोलगा राहू द्यायचा नाही, नाहीतर त्यात पाणी साचून वाट बुजते.

ह्या पाइपाचं तोंड कुठं काढायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. रिकाम्या नावेवर खूण करून भोक पाडलं की फसलात. दाजींच्या नावेवर मी जाळी चढवायला लावली, डिझेल भरलं, माणसं बसवली, माशांच्या वजनाच्या अंदाजानं वाळूची पोती ठेवली आणि मग पाण्याची रेघ खडूनं मारली. रिकाम्या नावेपेक्षा रेघ वीतभर वर आली. तोंड त्या रेघेच्या बरंच वर हवं. शिवाय खिडकी, इंजिनाचा हवेचा मार्ग, केबिनची हवेची जाळी यांपैकी कशापासूनही निदान दीड-दोन फूट लांब हवं, नाहीतर बाहेर काढलेला गॅस दुसऱ्या भोकातून आत येतो. पेटीत बॅटरी, दिव्याची वायर, मोबाइलचा चार्जर काही नको. टाकी उभीच ठेवायची आणि पट्ट्यानं आवळायची. आडवी झाली तर वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये जातो. जादा टाकी असेल तर तीही याच पेटीत, आणि रिकामीसुद्धा याच पेटीत, कारण रिकाम्या टाकीत थोडा गॅस राहतोच. घरची 14.2 किलोची टाकी धंद्याच्या नावेवर वापरायची नसते. दाजींना मी 5 किलोची छोटी टाकी घ्यायला लावली. उचलायला हलकी आणि पेटीही लहान लागते.

आता पाइप. पेटीपासून शेगडीजवळच्या कॉकपर्यंत तांब्याचा एकच सलग पाइप न्यायचा, मध्ये एकही जोड नाही. घरी आपण दर वळणावर एल्बो लावतो, इथं पाइप बेंडरनं हळूहळू वाकवायचा. पाइप वरून, नावेच्या काठाखालून न्यायचा, डोळ्यांना दिसेल असा. बुडातून कधीच नाही, कारण तिथं पाणी, तेल आणि सायलेन्सरची उष्णता असते. बॅटरीच्या वायरी आणि सायलेन्सर यांच्यापासून तो हातभर लांब ठेवा. दर दीड फुटाला क्लॅम्प, क्लॅम्पच्या आत रबर. पत्र्यातून पाइप पार करायचा असेल तिथं भोकाची कड घासून गुळगुळीत करा आणि रबरी बुश बसवून फट सीलंटनं भरा. एका सिलेंडरचं इंजिन सगळी नाव थरथरवतं आणि धारदार पत्रा तांब्याला एका हंगामात कापून टाकतो. एका जुन्या नावेवर मी असा पाइप पाहिलाय, वरून ठीकठाक आणि क्लॅम्पखाली नखाएवढा पातळ झालेला.

दोन टोकांच्या जोडांसाठी पाइपाचं तोंड फुलवताना, म्हणजे फ्लेअर काढताना, पाइप हॅक्सॉनं कापू नका, कटरनं कापा. आतली धार रीमरनं घासून टाका आणि तो भुसा पाइपाचं तोंड खाली धरून झटका, नाहीतर तो जाऊन शेगडीच्या जेटमध्ये बसतो. नट आधी पाइपात सरकवा, मग फुलवा. फुलवलेलं तोंड उजेडाकडे धरून पाहायचं. कड सगळीकडे सारखी आणि चकचकीत हवी, केसाएवढी भेग दिसली तरी कापून पुन्हा करायचं. फ्लेअरच्या जोडाला टेप लागत नाही, तिथं धातूच धातूवर बसतो. आवळताना दोन पाने (स्पॅनर) घ्या, एकानं फिटिंग धरायचं आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा.

पेटीतून पाइप बाहेर पडतो ते भोकही हवाबंद करा. हे लोक विसरतात आणि मग पेटीचा उपयोगच राहत नाही. शेगडीपाशी एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे वर सांगितलेला कॉक, द्यायचा, पण तो शेगडीच्या मागं नको. पातेलं पेटलं तर आगीवरून हात न्यावा लागेल अशी जागा काय कामाची? कॉकपासून शेगडीपर्यंत नारिंगी सुरक्षा नळी लावा, शक्य तितकी आखूड, आणि ती पाच वर्षांनी बदला. शेगडी बोल्टनं बसवा, भांडं सरकू नये म्हणून कठडा करा आणि ज्योत विझली की आपोआप गॅस बंद करणारी शेगडीच घ्या. नाथसागरावर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की लाटा येतात आणि ज्योत विझलेली कळतही नाही.

तपासणी दोनदा. आधी रेग्युलेटर आणि शेगडी न जोडता नुसत्या पाइपात सायकलच्या पंपानं हवा भरायची, गेज लावायचा आणि काटा हलतो का ते पाहायचं. ऑक्सिजनची टाकी वेल्डरकडं असते म्हणून ती वापरायचा मोह कोणालाही होऊ नये, तो जीवघेणा आहे. दुसरी तपासणी गॅस जोडल्यावर. त्यासाठी मी पारदर्शक नळी यू आकारात लाकडी पट्टीवर बांधून ठेवलीय. तिच्यात कुंकू कालवलेलं पाणी असतं. एक टोक लाइनीला जोडायचं, दुसरं उघडं. रेग्युलेटर चालू केला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर येतं. दोन्हींतला फरक 30 सेंटिमीटरच्या आसपास दिसतो, तोच घरगुती रेग्युलेटरचा दाब. मग शेगडीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर बंद करायचा, पाण्याच्या रेघेवर पेननं खूण करायची आणि दहा मिनिटं बसून राहायचं. हे काम सकाळी किंवा सावलीत करा, ऊन पाइपावर आलं की आतला गॅस फुगून रेघ हलते आणि फसवते. पाणी खुणेवरून सरकलं तर कुठंतरी गळतंय. मग प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून शोधा, काडी पेटवून कधीच नाही. दाजींच्या नावेवर पहिल्या दिवशी रेघ बोटभर उतरली. शेगडीच्या कॉकची गळती होती, नवीन शेगडीतच. ती दुकानदाराला परत दिली.

केबिनला वर आणि खाली, दोन्हीकडं हवेची जाळी ठेवा. डिसेंबरच्या थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपणं बंद. विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नावेवर प्रवासी बसवणार असाल तर आधी परवाना आणि तपासणी, मग गॅस. आणि फिटिंगची सवय नसेल तर हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून वरची एकेक गोष्ट विचारा.

दाजींकडं आता रोजचा रिवाज असा: स्वयंपाक झाला की आधी टाकीचा रेग्युलेटर बंद, ज्योत आपणहून विझेपर्यंत थांबायचं, मग शेगडीचे कॉक. सकाळी इंजिनाच्या किल्लीला हात लावण्याआधी एकानं फळी उचलून बुडाशी नाक न्यायचं. वास आला तर दिवा, पंप, हॉर्न, मोबाइल कशालाच हात लावायचा नाही. पेटीतला रेग्युलेटर बंद करायचा, झाकणं उघडायची, सगळ्यांनी काठावर उतरायचं आणि बांधलेल्या नावेत वारा खेळू द्यायचा. लांब जाऊन मग गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला, 1906 ला फोन. तो नंबर मी दाजींच्या पेटीच्या झाकणावर तेल रंगानं मोठा लिहिलाय आणि त्याच्याखाली नळी बदलायची तारीख.