रविवारी ग्रुप घेऊन नॅशनल पार्कात जाताय? मग ही तयारी आधी करा

दसरा झाला की बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले आपले रविवारचे निसर्ग वॉक पुन्हा सुरू होतात आणि यंदा चार-पाच जण पहिल्यांदाच स्वतः ग्रुप घेऊन जाणारेत, त्यामुळे गेले आठ दिवस मला सगळ्यांचे तेच फोन, ताई काय काय घेऊ, किती वाजता येऊ, लोकांना सांगू काय. प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून इथे एकदाच नीट लिहितेय, वाचून ठेवा आणि शनिवारी रात्री परत एकदा वाचा.

पहिली गोष्ट सॅकमध्ये भरायची नाहीये. वॉकच्या दोन-तीन दिवस आधी त्याच वाटेने, त्याच वेळेला, आपल्यातल्याच कुणाला तरी सोबत घेऊन एकदा चालून यायचं, हीच रेकी. सोमवारी पार्क बंद असतं हे धरून दिवस ठरवा. वाट पाठ आहे, दहा वर्षं येतोय, हे कारण मला सांगू नका, कारण वाट तीच असली तरी गेल्या आठवड्यात ज्या उंबराला हिरवी कच्ची फळं होती त्याच्याखाली आज पिकल्या फळांचा सडा पडलेला असतो, आणि सडा पडलाय म्हणजे त्या झाडाखाली अर्धा तास उभं राहायचं आणि पुढचे दोन स्टॉप सोडून द्यायचे. हे घरी बसून कळत नाही, रेकी केली तरच कळतं.

उंबराचं मी मुद्दाम सांगतेय. नवीन माणूस लीड करायला लागला की त्याला वाटतं लोक लांबून, विरारहून नाहीतर बदलापूरहून पहिली लोकल पकडून आलेत, त्यांना काहीतरी मोठं दिसायला हवं, आणि मोठं म्हणजे बिबट्या, नाहीतर सांबर, नाहीतर निदान स्वर्गीय नर्तक पक्षी तरी, मग तो सगळ्यांना पळवत सुटतो आणि साडेनऊला ग्रुप घामाघूम होऊन गेटवर, कुणाला धड काही आठवत नाही. अडीच तासात दोन किलोमीटर पुरे. उंबराखाली थांबा, खाली पडलेलं एक लालसर फळ उचला, नखाने मधोमध उघडा आणि हातोहात फिरवा. आत गुलाबी केसांसारखं गच्च भरलेलं दिसतं ना, ती सगळी फुलं आहेत, शेकड्यांनी. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो आणि ती फुलं अशी फळाच्या पोटात दडलेली असतात, हे पहिल्यांदा बघताना भल्याभल्यांचा चेहरा बदलतो. आत काळी, तिळाहून लहान केंबरं दिसली तर अजून थांबा. त्यातल्या एका जातीच्या इवल्या माशीशिवाय उंबराचं परागीभवन होत नाही आणि उंबराशिवाय तिला अंडी घालायला जागा नाही. मग मान वर करायला सांगा, तांबट, बुलबुल, हळद्या, नशीब असेल तर हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, आणि रात्री याच झाडावर वटवाघळं आणि उदमांजर. एका झाडावर एवढी वस्ती. आमच्याकडे एक आजोबा येतात, त्यांनी या झाडाखाली पाऊण तास काढला आणि पुढे आलेच नाहीत, म्हणाले माझा वॉक झाला.

रेकीत दुसरं बघायचं म्हणजे जाळी. पाऊस संपता संपता जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी बरोब्बर आपल्या तोंडाच्या उंचीला वाटेवर आडवी ताणलेली असतात, धागा उन्हात सोनेरी दिसतो, मादी हाताच्या पंज्याएवढी आणि तिच्याच जाळ्यात कोपऱ्याला नखाएवढा नर बसलेला असतो. सगळ्यात पुढे चालणाऱ्यानेच ते तोडलं तर मागच्या चौदा जणांना काहीच दिसत नाही, आणि तिची सगळी मेहनत जाते ती वेगळीच. म्हणून कुठल्या वळणावर जाळं आहे ते लिहून ठेवा, तिथे आधी थांबवा, दाखवा आणि एकेकाला वाकून पलीकडे काढा.

परवानगीचं फार बोलत नाही, ती हवीच. वाट कुठली, माणसं किती, हे वनखात्याला आधी कळवलेलं असलं पाहिजे आणि शिलोंडासारखी वाट असेल तर त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. माणसं १५ च्या वर नकोत आणि १५ ला लीड दोन, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे, मागचा कितीही कंटाळला तरी मागेच. आत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, त्यामुळे सगळ्यांची नावं आणि घरचा एकेक नंबर कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक कॉपी बाहेर असलेल्या आपल्या माणसाकडे ठेवा. नंबर दोन पाठ पाहिजेत, वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आणि अँब्युलन्स १०८.

लोकांना मेसेज शुक्रवारी संध्याकाळी जायला हवा, शनिवारी रात्री नको, तोपर्यंत त्यांचे कपडे ठरलेले असतात. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, मातकट किंवा हिरवट रंग, ग्रिप असलेले बूट. ऑक्टोबर हीट आहे, पाणी माणशी दोन लिटर, घरच्या स्टीलच्या बाटलीत. अत्तर, डिओ काही मारून यायचं नाही, आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा मिळत नाही. आणि खायचं काहीही हातात धरून चालायचं नाही. वेफर्सचं पाकीट नुसतं वाजलं तरी माकडं उतरतात, आवाज त्यांना ओळखू येतो, आणि तो आवाज त्यांना आपणच शिकवलाय, गाडी थांबवून केळी देणाऱ्यांनी. डबा, चिक्की, जे काय असेल ते वॉक संपल्यावर बाहेर.

आता खाजकुइली. दिवाळीनंतर तिच्या शेंगा पिकायला लागतात, चिंचेच्या आकाराच्या, वर सोनेरी मखमल, इतक्या देखण्या की हात जातोच. ती मखमल म्हणजे सुटे केस, वाऱ्यानेही उडतात, आणि अंगाला लागले की अशी आग आणि खाज की माणूस कपडे फाडायचा बाकी राहतो. पहिल्या वर्षी मी स्वतः एका मुलीला चोळायला सांगितलं, पाणी ओतलं, चोळल्याने ते केस अजून पसरले आणि ती तासभर रडत होती, ते मी अजून विसरलेले नाही. चोळायचं अजिबात नाही. सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी ठेवा, त्वचेवर हलकेच चिकटवायची आणि उचलायची, परत नवी पट्टी, असं करत केस काढायचे, मग पाण्याने धुवायचं आणि कपडे बदलायचे. रेकीत शेंगा दिसल्या तर ती वाटच बदला. डोळ्यात गेलं तर थांबू नका, सरळ डॉक्टर.

बाकी प्रथमोपचारात नेहमीचं, बँडेज, अँटिसेप्टिक, ओआरएस. सापाचं मात्र सगळ्या लीडना तोंडपाठ पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही मुंबईच्या आसपास आहेत. चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही. अंगठ्या-घड्याळ काढायचं, तो भाग हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, किती वाजता चावला ते लिहायचं आणि प्रतिविष असलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. साप मारायला किंवा पकडायला मागे कुणी थांबायचं नाही. इतक्या वर्षांत आमच्यावर ही वेळ आलेली नाही, कारण आम्ही पाचोळ्यात हात घालत नाही आणि बघितल्याशिवाय दगडावर बसत नाही.

बिबट्या दिसेल का, हे प्रत्येक वॉकला कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा लहान मूल विचारतं, आणि त्याला हसून उडवून लावायचं नाही. खरं सांगायचं की तो इथे राहतो, आपण त्याच्या घरात आलोय, आणि बहुतेक तो आपल्याला बघतो आणि आपल्याला दिसत नाही. मुलं ग्रुपच्या मधोमध, पुढे पळायचं नाही, वाट सोडून झुडपात एकटं बसायला जायचं नाही, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांना बाथरूमला पाठवा. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं किंवा खाली बसायचं नाही, ताठ उभं राहून सगळ्यांनी एकत्र हळूहळू मागे यायचं. पाड्यांच्या बाजूने वाट जात असेल तर शेंदूर लावलेला वाघोबा दिसेल, तिथे एक मिनिट शांत उभे राहा, वारली लोकांनी त्याला पिढ्यानपिढ्या देव मानलंय. आणि पाडा म्हणजे माणसांची घरं आहेत, न विचारता फोटो काढायचे नाहीत, हे वॉक सुरू व्हायच्या आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

वॉकनंतर थांबणाऱ्यांसाठी तासभर रानमोडी हे तण उपटायचं काम असतं, त्याची तयारी वेगळी करावी लागते आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त मनापासून करायची. रानमोडी आणि घाणेरी, दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. रानमोडीचं नावच बघा, रान मोडणारी. उजेड दिसला की तिथे शिरते, खाली दुसरं काही रुजू देत नाही, उन्हाळ्यात वाळली की वणव्याला आयतं सरपण. नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते आणि मग बी कापसासारखं उडतं, म्हणून काम त्याच्या आधी, जमीन ओली असते तोवर, मुळासकट येते. अर्थात नॅशनल पार्कात वनखात्याने जो पट्टा दाखवलाय तेवढ्यातच, त्यांच्या माणसासमोर, बाहेर एक काडीसुद्धा नाही. लागतं फार थोडं, जाड ग्लोव्हज, खुरपं, एखादी कुदळ आणि दोन गोण्या, त्या कचऱ्यासाठी. उपटलेली रोपं मातीवर टाकायची नाहीत, परत धरतात, मुळं वर करून खडकावर वाळत घालायची.

पण सगळ्यात आधी ओळख परेड. मागच्या सीझनला माझ्याकडून जे झालं ते परत नको. इथली कारवी, डोंगरउतारावरचं झुडूप, २०२४ ला फुलली होती, जांभळा डोंगर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते, सुकलेली बोंडं पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतडून फुटतात आणि बी फेकतात, तशी २०२५ च्या पावसात सगळीकडे वीतभर रोपं उगवली होती. ऑक्टोबरात एका ऑफिसची टीम आली, उत्साही पोरं, मी घाईत एक रानमोडी हातात धरून लांबूनच दाखवली आणि कामाला लावलं. अर्ध्या तासाने बघते तर एका मुलाने अगदी नीट रांगेत वाळत घातलेल्या ढिगात निम्मी कारवी. तो बिचारा कौतुकाच्या आशेने माझ्याकडे बघत होता. त्याची काहीच चूक नव्हती. ती रोपं २०३२ ला फुलली असती. आम्ही जमतील तेवढी परत लावली, पाणी घातलं, पण उपटलेलं रोप ते, बहुतेक गेलीच.

म्हणून आता प्रत्येकाच्या हातात दोन्हीचं एकेक पान. कारवीचं तिथे तोडायचं नाही, जुनं दाबून सुकवलेलं माझ्याकडे आहे, घेऊन जा. रानमोडीचं पान त्रिकोणी, देठाजवळून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघतात आणि चुरडलं की उग्र वास. कारवीचं पान लांबट, खरखरीत, कडेला बारीक दाते, मधल्या शिरेपासून दोन्हीकडे समांतर शिरांच्या कितीतरी जोड्या. डोळ्याने शंका आली तर चुरडून वास घ्या, तरीही शंका आली तर रोप सोडून द्या आणि विचारा. पहिली पाच रोपं प्रत्येकाने तुम्हाला दाखवूनच उपटायची, वेळ गेला तरी चालेल. एका तासात दहा फुटांचा तुकडा साफ झाला तरी पुष्कळ आहे, कारण त्याच तुकड्यावर पुढच्या पावसात आणि त्याच्या पुढच्या पावसात परत यायचंय, मुळातून फुटवे येतात, जुनं बी रुजतं.

नोंदीसाठी एक वही आणि पेन्सिल, पेन नको, घामाने आणि दवाने शाई पसरते. वेळ, जागा, काय दिसलं, किती दिसलं. घरी आल्यावर ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, पण घरट्याची जागा कधीच नाही, ग्रुपवर पण नाही. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, तो आपला इलाका वाचवायला म्हणून येतो, फोटोसाठी नाही. वाटेत तुळशी तलावाचा विषय निघाला तर तो जरूर बोला, विहार १८६० चा आणि तुळशी १८७९ चा, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोन याच जंगलाच्या पोटात आहेत, आणि दहिसर नदी तुळशीपाशी उगम पावते. बोरिवलीच्या माणसाला आपल्या नाल्यासारख्या दिसणाऱ्या नदीचा उगम इतका स्वच्छ आहे हे ऐकून खरंच बरं वाटतं.

शेवटचं, सॅकच्या पुढच्या कप्प्यात दोन जुने टूथब्रश ठेवा. आत शिरायच्या आधी प्रत्येकाने बुटांचे तळवे घासायचे, विशेषतः जे आदल्याच दिवशी आरे किंवा कर्नाळा करून आलेत त्यांनी, कारण तणाचं बी चिखलातून आणि लेसमधून प्रवास करतं. बाहेर पडताना परत डोकी मोजा, पुढच्याने आणि मागच्याने वेगवेगळी, आणि आकडा जुळला की तिथेच गेटपाशी बसून मोज्यांना चिकटलेला आघाडा आणि कुसळं काढून कागदात गुंडाळा आणि घरच्या कचऱ्यात टाका.