घन उत्प्रेरकावर बायोडिझेल करताय? या चुका टाळा

सोलापुरात भज्यांच्या गाड्यांवरचं जळकं तेल गोळा करून बायोडिझेल करायला निघालेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा तक्रार ठरलेली: तेलच खराब होतं. बहुतेक वेळा खराब असतो तो चुना, म्हणजे तेल आणि मिथेनॉलची अभिक्रिया घडवून आणणारा घन उत्प्रेरक.

मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या मुलांनी अंड्याची टरफलं 900 अंशांवर भाजून कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे हाच चुना, केलं आणि आठवडाभर उघड्या ताटात ठेवलं. मग करडईचं ताजं तेल आणि मिथेनॉल घेऊन तीन तास ढवळत बसले. ग्लिसरीन काही खाली बसेना, म्हणजे बायोडिझेल झालंच नव्हतं. ती पूड आठवडाभर हवेतला दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड ओढत होती. मी बशीत चिमूटभर पूड घेऊन पाण्याचे थेंब टाकले. बशी गारच राहिली. ताजी पूड पाणी लागताच तापते. तीच पूड पुन्हा 900 अंशांवर दोन-तीन तास भाजून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार केली आणि लगेच वापरली. त्याच तेलातून ग्लिसरीन स्वच्छ वेगळं झालं. मी पूड भाजते त्याच दिवशी संपवते. उरली तर घट्ट झाकणाच्या बाटलीत, आणि वापरण्याआधी पाण्याची चाचणी.

दुसरी चूक तेल न तपासण्याची. 'घन उत्प्रेरकाला कसलंही तेल चालतं' हे अर्धवट ऐकलेलं आहे. तेलात मुक्त फॅटी आम्लं (तेलाच्या रेणूतून सुटी झालेली आम्लं) जास्त असली की चुन्याशी त्यांचा साबण होतो आणि सगळं गढूळ होऊन बसतं. जळकं तेल गाळा, 110 अंशांपर्यंत तापवून पाणी घालवा, मग 1 मिली तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक घाला आणि लिटरला 1 ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने टायट्रेट करा, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत ते थेंबथेंब घाला. 3 मिली लागलं तर आम्लं सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. मी एक टक्क्याच्या वर गेलेल्या तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करते. दहा मिनिटांच्या या तपासणीचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी या कामात पडू नये.

तापमान 60 ते 65 अंश. मिथेनॉल 64.7 ला उकळतं, त्यामुळे वर कंडेन्सर (वाफ गार करून परत खाली पाडणारी नळी) हवाच आणि गॅसची शेगडी अजिबात नको. वाफ विषारी आणि पेट घेणारी असते.

मिथेनॉलमध्ये काटकसर नको. चुन्यासोबत तेलाच्या एका मोलला (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक) नऊ ते बारा मोल घ्या.

पूड गाळली म्हणून धुणं टाळू नका, थोडं कॅल्शियम विरघळून डिझेलमध्ये उतरतंच.

करडईचं बायोडिझेल हवेने लवकर बिघडतं. काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा आणि आधी तेच वापरून टाका.