तापमानानुसार बदलणारी उष्माधारकता आणि वायूच्या एन्थाल्पीतील बदल

वायू पन्नास-शंभर अंशांनीच तापवायचा असेल, तर त्याची उष्माधारकता (तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) स्थिर मानून तिला तापमानातील फरकाने गुणले तरी एन्थाल्पीतील बदल, म्हणजे स्थिर दाबाला वायूला द्यावी लागणारी उष्णता, काढण्यासाठी भागते. फरक शेकडो अंशांचा असेल तर हा गुणाकार किती चुकेल, हे रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तो बराच चुकतो. स्थिर दाबाला या वायूची मोलार उष्माधारकता २९८ केल्विनला सुमारे ३७ जूल प्रति केल्विन प्रति मोल असते आणि १००० केल्विनला ती ५० च्या पुढे जाते, कारण कमी तापमानाला फारशी ऊर्जा न घेणारी रेणूची कंपने तापमान वाढेल तशी अधिकाधिक ऊर्जा सामावून घेऊ लागतात.

हा बदल दाखवण्यासाठी तक्त्यांमध्ये बहुधा पुढील सूत्र वापरलेले असते:

उष्माधारकता = अ + ब × त + क ÷ त²

येथे त हे केल्विनमधील तापमान असून अ, ब आणि क हे त्या वायूचे स्थिरांक आहेत. एन्थाल्पीतील बदल म्हणजे तापमानानुसार उष्माधारकता दाखवणाऱ्या वक्राखालचे, पहिल्या तापमानापासून शेवटच्या तापमानापर्यंतचे क्षेत्रफळ होय. पहिले तापमान प आणि शेवटचे श मानून संकलन केले की एका मोलसाठी मिळते:

बदल = अ (श − प) + (ब ÷ २)(श² − प²) + क (१÷प − १÷श)

कार्बन डायऑक्साइडसाठी अ = ४४.२२, ब = ०.००८७९ आणि क = −८,६२,००० घ्यावेत. तक्त्यातून आकडे उचलताना स्तंभाच्या शीर्षकातील दहाचा घात नीट वाचावा; ब हजारपट आणि क लाखाने भागून छापण्याची पद्धत आहे आणि बहुतेक घोटाळे तेथेच होतात. काही तक्त्यांत त ऐवजी त भागिले हजार ही राशी वापरलेली असते, तेव्हा सूत्र आणि स्थिरांक एकाच तक्त्यातून घ्यावेत.

आता २९८ पासून १००० केल्विनपर्यंत तापवण्याचा हिशेब करू. पहिले पद ४४.२२ × ७०२ म्हणजे ३१,०४२ येते. दुसऱ्या पदात वर्गांचा फरक ९,११,१९६ असल्याने ४,००५ मिळतात. तिसरे पद ऋण असून ते −२,०३१ आहे. बेरीज ३३,०१६ जूल प्रति मोल, म्हणजे सुमारे ३३ किलोजूल. उष्माधारकता ३७.१३ वर स्थिर ठेवली असती तर २६,०६५ जूल आले असते, म्हणजे तब्बल २१ टक्के कमी.

उत्तर पडताळण्याचा एक झटपट मार्ग आहे. मधल्या तापमानाची, म्हणजे ६४९ केल्विनची उष्माधारकता ४७.८८ येते, तिला ७०२ ने गुणल्यास ३३,६१२ मिळतात, जे खऱ्या उत्तराच्या दोन टक्क्यांच्या आत आहे. दोन्ही टोकांची सरासरी मात्र घेऊ नये. वक्र सुरुवातीला झपाट्याने चढतो आणि पुढे मंदावतो, त्यामुळे ती सरासरी सुमारे पाच टक्के कमी उत्तर देते.

केल्विनऐवजी सेल्सिअस घातल्यास काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. तापमानातील फरक दोन्ही मापांत सारखाच असल्याने पहिले पद जसेच्या तसे राहते आणि म्हणून चूक लक्षात येत नाही. पण २५ आणि ७२७ हे आकडे घातले की तिसरे पद −३३,२९४ होते, आणि एकूण उत्तर अवघ्या ७० जूलच्या आसपास येते.

स्थिरांक ज्या तापमानकक्षेसाठी दिलेले असतात तिच्याबाहेर सूत्र ताणू नये. आदर्श वायूची, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत वा ढकलत नाहीत असे मानले जाते त्याची, एन्थाल्पी केवळ तापमानावर अवलंबून असते, त्यामुळे कमी दाबाला दाब किती आहे याने उत्तर बदलत नाही. उच्च दाबाला मात्र वेगळी दुरुस्ती करावी लागते.

वायू बंद, ताठ भांड्यात तापवला तरी आदर्श वायूसाठी एन्थाल्पीतील बदल हाच राहतो. फक्त त्या वेळी पुरवलेली उष्णता त्याच्याइतकी नसते. ती आंतरिक ऊर्जेतील (रेणूंमध्येच साठलेल्या ऊर्जेतील) बदलाइतकी असते आणि त्यासाठी वरील उत्तरातून ८.३१४ × ७०२, म्हणजे ५,८३६ जूल वजा करावे लागतात. अशा भांड्याला प्रति मोल २७,१८० जूल उष्णता पुरते.