नवी एडिशन आली आणि गट फुटला? या चुका टाळा

मिनिएचर वॉरगेमचं, म्हणजे छोट्या मॉडेल्सची फौज टेबलावर फाशांनी लढवायच्या खेळाचं, नवं रूलबुक (नवी एडिशन) आलं की मोठ्या शहरातल्या क्लबात थोडी वादावादी होते, चार जण इकडचे तिकडे होतात आणि खेळ सुरू राहतो. कोकणात तसं होत नाही. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, कुठेही बघा, वॉरहॅमर हा असा खेळ खेळणारी मंडळी बोटांवर मोजण्याइतकीच. सहांतले तिघे नव्या एडिशनला गेले आणि तिघे जुनीत राहिले की रविवारी कुणालाच धड जोडीदार मिळत नाही. मग दोन-तीन महिन्यांत खेळाचं प्लायवूड पडवीत भिंतीला टेकून उभं राहतं. नवे नियम चांगले की वाईट हा वाद जरूर घाला, पण गट मोडतो तो बहुतेक वेळा नियमांमुळे नाही, तर बदल घाईने आणि न विचारता लादल्यामुळे. त्यातल्या बऱ्याच चुका टाळता येतात.

रिलीज झाली म्हणून त्याच आठवड्यात बदलणं

गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या दोन वॉरहॅमर खेळांच्या तारखा जरा बघा. वॉरहॅमर 40,000 ची आठवी एडिशन जून 2017 मध्ये आली, नववी जुलै 2020 मध्ये, दहावी जून 2023 मध्ये. एज ऑफ सिग्मार पहिल्यांदा आलं जुलै 2015 मध्ये आणि त्याची चौथी एडिशन जुलै 2024 मध्ये. इंग्लंडात तेव्हा उन्हाळा असतो. आपल्याकडे मृग लागून गेलेला असतो, निम्मी मंडळी लावणीत अडकलेली असतात, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते, घाटात दरड आली की कुरियर कुठे थांबेल सांगता येत नाही. वीज आणि नेटवर्कचं तर बोलायलाच नको. अशा वेळी "या रविवारपासून नवीनच खेळायचं" असा मेसेज ग्रुपवर टाकणं म्हणजे ज्याच्याकडे पुस्तक पोचलेलं नाही त्याला घरी बसवणं.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो खास आपल्याकडचा. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेल्या आपल्याच पोरांना दुकानं जवळ, क्लब जवळ. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्यांच्या नव्या नियमांच्या पाच-सात लढाया झालेल्या असतात. गणपतीला ती गावी येतात तेव्हा मोठ्या उत्साहाने बॉक्स घेऊन येतात, आणि इथे राहणाऱ्यांनी ते पुस्तक अजून उघडलेलंही नसतं. पहिल्याच लढाईत गावचा माणूस दुसऱ्या टर्नला (पाळीला) साफ होतो. त्याला हरल्याचं वाईट वाटत नाही. आपल्याच अंगणात आपण पाहुणे झालो, याचं वाटतं.

उपाय सोपा आहे: कंपनीची तारीख सोडून द्या आणि आपली तारीख ठरवा. गणपतीपर्यंत जुनी एडिशन. गणपतीच्या सुट्टीत नव्या नियमांचे छोटे सामने, शक्यतो कॉम्बॅट पॅट्रोल, कारण त्यात ठरलेली छोटी आर्मी असते आणि लिस्ट (फौजेची यादी) बनवण्याचं ओझं नसतं. पूर्ण दोन हजार पॉइंट्सची (पॉइंट्स म्हणजे युनिटच्या ताकदीचा भाव) लढाई दिवाळीनंतर. शहरातून येणाऱ्यांनी पहिल्या सामन्यात समोर न बसता शेजारी बसावं, शिकवायला. हा एवढा बदल केला तरी अर्धी भांडणं होतच नाहीत.

जुन्या सवयीने नवे नियम खेळणं

टेबलावरची सगळ्यात जास्त कटकट इथून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्ण नवा नियम माणूस वाचून शिकतो. ज्या नियमाचं नाव किंवा जागा तीच राहिली आणि आतला अर्थ बदलला, तिथे हात आपोआप जुनं करून जातो.

हेवी वेपनचं, म्हणजे जड शस्त्राचं, 40,000 मधलं उदाहरण घ्या. आठव्या आणि नवव्या एडिशनमध्ये हेवी वेपन घेतलेला पायदळाचा सैनिक हलला की नेमबाजीला उणे एक लागायचा. दहाव्यात उलट आहे: युनिट (तुकडी) जागेवर थांबलं तर अधिक एक मिळतो, हललं तर काहीच कापलं जात नाही. जुना खेळाडू काय करतो? हलल्यावर सवयीने उणे एक धरतो आणि थांबल्यावर अधिक एक घ्यायला विसरतो. दोन्हीकडून त्याचंच नुकसान, आणि लढाई संपल्यावर तो म्हणतो, नवी एडिशन माझ्या आर्मीला मारून टाकणारी आहे.

मोरालचं, म्हणजे सैनिकांच्या धीराचं, तसंच. आधी टर्नच्या शेवटी तपासणी व्हायची आणि फासा बिघडला की माणसं पळून जायची, म्हणजे मॉडेल टेबलावरून उचलावं लागायचं. दहाव्यात बॅटलशॉक आहे. युनिट निम्म्याच्या खाली गेलं की आपल्या कमांड फेजमध्ये (टर्नच्या पहिल्या टप्प्यात) दोन फासे टाकायचे, युनिटच्या लीडरशिपच्या आकड्याइतकी किंवा जास्त बेरीज आली तर ठीक. नाही आली तर कुणी पळत नाही, पण त्या युनिटचं ऑब्जेक्टिव्ह कंट्रोल (टेबलावरची मोक्याची जागा ताब्यात ठेवायची ताकद) शून्य होतं आणि त्याच्यावर स्ट्रॅटजेम (खास डावपेच) वापरता येत नाही. मी अनेकांना इथे मॉडेल उचलून बाजूला ठेवताना पाहिलंय. समोरचाही जुनाच असल्यामुळे तोही काही बोलत नाही, आणि ऑब्जेक्टिव्ह मात्र त्याच युनिटकडे राहतं. म्हणजे दोघंही एक अशी लढाई खेळतात जी कुठल्याच पुस्तकात नाही.

यावर एकच गोष्ट चालते: ए-फोर कागदाची एक बाजू, वर "हे बदललं" असं लिहून फक्त बदललेले दहा-बारा मुद्दे, मराठीत, मोठ्या अक्षरात. लॅमिनेशन करून टेबलाच्या कडेला ठेवा, पावसाळ्यात साधा कागद आठवड्यात लोळागोळा होतो. टर्न सुरू होताना फेजचं नाव मोठ्याने म्हणा. दहाव्यात सायकिक फेज (मंत्रशक्तीचा टप्पा) राहिलीच नाही, हे मोठ्याने म्हटल्यावरच डोक्यात बसतं. कोअर रूल्स कंपनीने मोफत दिलेत, ती पीडीएफ घरूनच डाउनलोड करून किंवा प्रिंट काढून आणा. टेबलावर आल्यावर मोबाइलची रेंज शोधत फिरण्यात अर्धा तास जातो आणि वाद तिथेच पेटतो.

"ते आता लीगल नाही" असं तोंडावर सांगणं

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. एखाद्याने वर्षभर रात्री जागून, एकेक मॉडेल रंगवून आर्मी उभी केलेली असते. नवे नियम येतात आणि त्याची युनिट्स यादीतून जातात किंवा लेजेंड्समध्ये (स्पर्धेबाहेरच्या जुन्या युनिट्सच्या यादीत) ढकलली जातात. 2024 मध्ये एज ऑफ सिग्मारमधून बीस्ट्स ऑफ केऑस आणि बोनस्प्लिटर्झ काढण्याचं जाहीर झालं, आणि ज्यांच्या आर्म्याच त्या होत्या त्यांना तो थेट धक्का होता. आपल्या गटात असा एक जण निघाला तर त्याला विकून टाक, दुसरी घे, हे सांगू नका. स्पर्धेला लीगल नसलेलं युनिट तुमच्या पडवीतल्या टेबलावर खेळायला कुणीही अडवत नाही. शिवाय बीस्ट्स ऑफ केऑसच्या त्याच बीस्टमेन मॉडेल्सना जानेवारी 2024 मध्ये आलेल्या ओल्ड वर्ल्ड या दुसऱ्या वॉरहॅमर खेळामध्ये मुख्य आर्म्यांपैकी एक म्हणून जागा आहे. हे त्याला माहीत नसेल तर सांगा.

एवढी मोठी गोष्ट नसली तरी छोटे चटके लागतातच. दहाव्या एडिशनमध्ये पॉइंट्स ठरलेल्या युनिट साइझवर लागतात, पाच किंवा दहा. ज्याने जुन्या हिशोबाने सात मॉडेल रंगवलीत त्याला दहाचे पॉइंट्स भरावे लागतात. आणि शस्त्रांना वेगळे पॉइंट्स नाहीत, त्यामुळे ज्याने पूर्वी पॉइंट्स वाचवायला रणगाड्याला साधी बंदूक चिकटवली तो विनाकारण मागे पडतो. गावच्या सामन्यात अशांना सूट द्या: सातांचे पॉइंट्स प्रमाणात काढा, आणि रणगाड्यावर मोठी तोफ आहे असं लढाईआधी बोलून धरा. रंगवलेलं मॉडेल कापून नवं शस्त्र चिकटवायला लावू नका.

बेसचंही, म्हणजे मॉडेलच्या पायाखालच्या चकतीचंही, तेच. जुन्या वॉरहॅमर फँटसीच्या चौकोनी बेसवरून एज ऑफ सिग्मारमध्ये गोल बेस आले. कितीतरी जणांनी तेव्हा सुरीने खालचे बेस कापून काढले, पाय मोडले, पुन्हा चिकटवले. आता ओल्ड वर्ल्डमध्ये चौकोनी परत आले, आणि तेही मोठे: माणसांना 20 ऐवजी 25 मिलिमीटर, ऑर्क्सना 25 ऐवजी 30. पुन्हा कापाकापी करायची काही गरज नाही. खाचा असलेला मूव्हमेंट ट्रे (अख्खी रेजिमेंट एकदम सरकवायची पाटी) बनवून घ्या, म्हणजे जुने 20 मिलिमीटरचे बेस 25 च्या अंतरावर बसतात आणि रेजिमेंटची रुंदी बरोबर येते. लेझर कटिंग करणारा असेल तर उत्तम, नाहीतर फोम बोर्ड आणि पट्टीनेही होतं.

40,000 च्या नवव्या एडिशनमध्ये टेबलाचा आकार 44 बाय 60 इंचांवर आला म्हणून सहा बाय चार फुटांचं प्लायवूड कापू नका. रंगीत टेपने रेघ मारा. बाहेरची जागा फासे आणि चहासाठी.

पावसात प्राइमर मारणं

नवी एडिशन जुलैत, म्हणून नवी मॉडेल्सही जुलैत, म्हणून स्प्रेही जुलैत. हवेत एवढा ओलावा असताना स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) पृष्ठभागावर बारीक पावडरीसारखा बसतो आणि चेहऱ्यावरचं कोरीव काम बुजून जातं. ब्रशने लावायचा प्राइमर वापरा किंवा ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. आणि "रंगवलेली आर्मीच टेबलावर" हा नियम पावसाळाभर बंद ठेवा.

हाउस रूल तोंडी ठेवणं

प्रत्येक गटाचे चार हाउस रूल असतातच, असायलाही हवेत. घोळ होतो तो चिपळूणची मंडळी कुडाळला खेळायला आली की. जंगलाच्या आडून दिसतं की नाही, पडका फासा पुन्हा टाकायचा की नाही, यावरून सकाळ जाते. एक साधी वही घ्या. नियम, ठरवल्याची तारीख, कुठल्या एडिशनसाठी, एवढंच लिहा. नवी एडिशन आली की वही उघडून प्रत्येक ओळ वाचा आणि जिची गरज उरली नाही ती खोडा. पाहुण्यांना त्या पानांचा फोटो आदल्या दिवशी पाठवा. पॉइंट्सचंही तसंच ठेवा: कंपनी ते वर्षातून अनेकदा बदलते, प्रत्येक वेळी मागे धावू नका. एक यादी धरा आणि ठरलेल्या सामन्यांपर्यंत तीच चालवा.

जुनी एडिशन मेली असं समजणं

2015 मध्ये एज ऑफ सिग्मार पॉइंट्सशिवाय आलं. लढाई बरोबरीची कशी करायची हेच कळेना, तेव्हा खेळाडूंनी स्वतःच्या मोजपट्ट्या तयार केल्या. काही जण किंग्ज ऑफ वॉर या दुसऱ्या खेळाकडे गेले, काहींनी मिळून नाइंथ एज हा स्वतःचा खेळ उभा केला. 2016 मध्ये कंपनीने पॉइंट्स परत आणले. ब्लड बोल या खेळाला तर कंपनीने कितीतरी वर्षं वाऱ्यावर सोडलं होतं, खेळाडूंनी ते लीगमधून जिवंत ठेवलं आणि 2016 मध्ये नवा बॉक्स आला. एक्स-विंग या स्टार वॉर्सवरच्या खेळाचं पुढचं काम 2024 मध्ये थांबवण्यात आलं, तरी लोक खेळतायत. तेव्हा गटातल्या दोघांना आठवीच आवडत असेल तर महिन्यातला एक रविवार आठवीचा ठेवा. बाकीच्यांनीही त्या दिवशी यावं.

गप्प झालेल्या माणसाकडे लक्ष न देणं

भांडणारा माणूस गट सोडत नाही, त्याला खेळायचं असतं म्हणून तो भांडतो. सोडतो तो गप्प बसलेला. एखादे काका बॉक्स न उघडताच खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, "माका ह्या नवीन कायच कळणा नाय. तुम्ही खेळा, मी बघतंय." हे ऐकलं की खेळ थांबवा. त्याच दिवशी, त्यांच्याच आर्मीने, पाचशे पॉइंट्सचा एक सामना खेळा आणि कुणीतरी त्यांच्या बाजूने कार्ड वाचून दाखवा. पुढच्या रविवारवर ढकललंत तर ते येणार नाहीत. त्यांच्याबरोबर येणारा नातूही येणार नाही.

आणि गट फुटलाच असेल तर

कुणाची एडिशन बरोबर या चर्चेने तो जुळत नाही. दोघांपैकी कुणाचाच नसलेला खेळ मांडा. वनपेजरूल्सचे मूळ नियम मोफत आहेत आणि आहेत त्याच मॉडेल्सवर चालतात. त्याहून मला आवडतं ते आपल्या समुद्रावरची लढाई मांडणं. 1679 ची खांदेरी घ्या: एका बाजूला इंग्रजांची मोजकी पण मोठ्या तोफांची जहाजं, दुसऱ्या बाजूला मराठ्यांच्या लहान, उथळ बांध्याच्या गलबतांचा ताफा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराकडून होड्यांचे सांगाडे करून मिळतात का विचारा, निळं कापड अंथरा, आणि नियम दोन्ही बाजूंच्या मंडळींनी एकत्र बसून दोन पानांत लिहा. इथे सगळेच नवशिके असतात. सुरुवात वाऱ्याच्या नियमापासून करा: वारा पडला की शिडाचं मोठं जहाज जागेवर अडकायला हवं आणि वल्ह्यांवरची गलबतं त्याच्या मागच्या बाजूला, जिथे तोफा कमी असतात, तिथे पोचायला हवीत.