स्लाइडशो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताय? या चुका टाळा

आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन. जुने अल्बम स्कॅन करायचे, नातेवाइकांकडून फोटो मागवायचे, गाणी निवडायची, असं करत घरातलं कुणीतरी रात्री जागून स्लाइडशो तयार करतं. तो बनतो घरच्या कॉम्प्युटरवर आणि चालवायचा असतो हॉलवरच्या लॅपटॉपवर. तिथे उघडल्यावर फोटोंच्या जागी लाल फुल्या दिसतात, गाणं वाजत नाही, मराठी ओळी वाचता येत नाहीत. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असतात, त्यामुळे दोष त्या लॅपटॉपला देऊन मोकळं होता येतं. खरं कारण बहुतेक वेळा घरूनच सोबत आलेलं असतं.

फक्त चालवायचाच असेल तर एमपी४ व्हिडिओ काढून न्या, प्रश्न मिटला. पण त्यात मग काही बदलता येत नाही, आणि आपल्याकडे कार्यक्रमाच्या सकाळी ‘मावशीचा एकही फोटो नाही’ हे कुणीतरी सांगतंच. म्हणून एमपी४ सोबत असू द्या, पण बदल करता येईल अशी मूळ फाइलही धड पोचली पाहिजे. पुढचं सगळं त्या मूळ फाइलबद्दल.

नुसती प्रोजेक्ट फाइल कॉपी करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. प्रोशो, मूव्ही मेकर, प्रीमिअर, केडेनलाइव्ह, शॉटकट या स्लाइडशो-व्हिडिओ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, म्हणजे वर म्हटलेली मूळ फाइल, अगदी लहान असते, कारण तिच्यात फोटो नसतातच. कोणता फोटो कुठल्या ड्राइव्हच्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तो किती सेकंद दाखवायचा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो ड्राइव्ह नाही, तो फोल्डर नाही, की फोटो गायब. पाचशे फोटोंचा स्लाइडशो आणि फाइल काही केबीची, असं दिसलं तर तिथेच थांबा.

यावरचा उपाय बहुतेक सॉफ्टवेअरमध्येच दिलेला असतो, फक्त नाव वेगवेगळं. प्रोशोमध्ये ‘कलेक्ट शो फाइल्स’, प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरमधलं ‘कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन’, केडेनलाइव्हमध्ये ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’, दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’. ही आज्ञा दिली की फोटो, गाणी आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये जमा होतात. तो अख्खा फोल्डर न्यायचा.

पॉवरपॉइंटचं थोडं वेगळं आहे. तिथे नेहमीच्या पद्धतीने घातलेला फोटो फाइलच्या आतच बसतो, आणि २०१० च्या आवृत्तीपासून गाणी व व्हिडिओही आतच बसतात. २००७ मध्ये एमपी३ गाणं बाहेरच राहायचं, त्यामुळे त्या काळातली जुनी फाइल पुन्हा वापरत असाल तर जपून. ‘लिंक टू फाइल’ निवडलं असेल तर फोटो आजही बाहेरच राहतो. लिबर ऑफिस इम्प्रेसच्या फोटो अल्बममध्ये ‘लिंक इमेजेस’ नावाची टिकची चौकट आहे. ती रिकामी हवी. पॉवरपॉइंटच्या ‘फाइल’, ‘इन्फो’मध्ये ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ हा पर्याय दिसत असेल तर काहीतरी बाहेर लटकतंय असं समजा. मग ‘एक्स्पोर्ट’मधलं ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’ वापरा आणि त्यात ‘कॉपी टू फोल्डर’ निवडा. नावात सीडी आहे म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत, पण पेन ड्राइव्हसाठीही ते उत्तम चालतं.

तपासणी त्याच कॉम्प्युटरवर करणं

फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, तिथूनच उघडून पाहिला, सगळं व्यवस्थित चाललं. ही तपासणी फसवी आहे. पेन ड्राइव्हवरची प्रोजेक्ट फाइल त्याच कॉम्प्युटरच्या जुन्या जागेवरून फोटो उचलत असू शकते, आणि ती जागा अजून शाबूत असल्यामुळे काही बिघडलंय हे कळतच नाही.

खरी परीक्षा सोपी आहे. सॉफ्टवेअर बंद करा. ज्या मूळ फोल्डरमध्ये फोटो आणि गाणी आहेत त्याचं नाव तात्पुरतं बदला, म्हणजे ‘बाबा फोटो’चं ‘बाबा फोटो जुना’ करा. मग पेन ड्राइव्हवरची प्रत उघडून पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत चालवा. जे काही बाहेर राहिलंय ते आता लगेच उघडं पडतं, आणि तुम्ही अजून घरीच असता. पाहून झालं की नाव पुन्हा होतं तसं करा. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

मराठी अक्षरं गृहीत धरणं

इंग्रजी स्लाइडशो करणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही. आपल्याला हमखास होतो. फोटोखाली ‘पुणे, १९७४’ असं श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर त्या मजकुराच्या मुळाशी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर तो चेहरा जातो आणि पडद्यावर आजीच्या फोटोखाली अर्थहीन अक्षरांची रांग उमटते. तिथे ते दुरुस्त करणंही कठीण, कारण मूळ ओळ काय होती हे वाचताच येत नाही.

म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीतच, टाइप करा. युनिकोड मजकुराला ठरलेला फॉन्ट मिळाला नाही तरी दुसरा मिळतो. ओळ थोडी लांब-आखूड होईल, पण वाचता येईल. विंडोज १० किंवा ११ वर निर्मला यूआय असतोच. मंगल, कोकिळा, अपराजिता मात्र विंडोज १० पासून देवनागरीच्या जादा फॉन्टच्या संचात गेले आहेत, त्यामुळे प्रत्येक लॅपटॉपवर ते असतील असं नाही. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ या नावांच्या फॉन्टसारखा मोफत फॉन्ट वापरला असेल तर त्याची फाइलही फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथे आधी तो इन्स्टॉल करा.

पॉवरपॉइंटमध्ये फॉन्ट फाइलच्या आत भरण्याची सोय आहे: ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’, ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’. त्याखाली दोन पर्याय येतात. फक्त वापरलेली अक्षरं भरणारा पर्याय फाइल लहान ठेवतो, पण तिथे जाऊन नवं नाव टाइप करायचं झालं तर त्यातलं एखादं जोडाक्षर भरलेलंच नसतं. बदल करायचे आहेत ना? मग ‘एम्बेड ऑल कॅरॅक्टर्स’ निवडा. फॉन्टच्या परवान्यात परवानगी नसेल तर तो आत भरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

नावं आणि झिप

काका, मामा आणि फोटोग्राफर, तिघांच्या कॅमेऱ्यांतून आलेल्या फोटोंना एकसारखी आयएमजी नावं असतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतले की एक दुसऱ्यावर चढतो, किंवा हरवलेले फोटो पुन्हा जोडताना सॉफ्टवेअर त्याच नावाचा भलताच फोटो आणून बसवतं. नावं बदलायची तर स्लाइडशो सुरू करण्याआधी बदला. नंतर बदललेलं प्रत्येक नाव म्हणजे तुटलेला एक दुवा.

झिप करून पाठवलंत तर समोरच्याला ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करायला आवर्जून सांगा. झिपच्या आतच प्रोजेक्ट फाइलवर डबल-क्लिक केलं की विंडोज ती एकटीच तात्पुरत्या जागी काढून उघडतं आणि फोटो झिपमध्येच राहतात. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट फाइल समजून पेन ड्राइव्हवर टाकणं हेही वरचेवर घडतं. आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर ती खरी फाइल नव्हे.

फाइल हलकी करायच्या नादात

पॉवरपॉइंटमध्ये ‘कम्प्रेस पिक्चर्स’ करताना ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर टिक असेल, तर कापलेला भाग कायमचा जातो. ग्रुप फोटोच्या कडेला उभे असलेले काका पुन्हा आत घ्यायचे म्हटलं तर ते त्या फाइलमध्ये उरलेलेच नसतात. प्रोजेक्ट नेताना हे करूच नका, आणि ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘डू नॉट कम्प्रेस इमेजेस इन फाइल’ निवडून ठेवा. जागेची अडचण असेल तर मोठा पेन ड्राइव्ह घ्या. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर एफएटी३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ती बसत नाही. पेन ड्राइव्ह आधी रिकामा करून एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा, तो विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो.

तिकडे तेच सॉफ्टवेअर आहे का?

हे निघण्याआधी फोन करून विचारा. मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी मागे घेतला आणि प्रोशो बनवणारी फोटोडेक्स कंपनी ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. त्यांच्या फाइली अजून अनेक घरांत आणि स्टुडिओंत आहेत, पण ऐन वेळी दुसरीकडे ते सॉफ्टवेअर मिळेल या भरवशावर राहू नका. पॉवरपॉइंट जुना असेल तर एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाच्या ‘मॉर्फ’ ट्रान्झिशनच्या जागी साधं फेड दिसतं, तेवढं चालतं. प्रोजेक्टर जुना चौकोनी ४:३ असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्या तशाच असू द्या. तिथे जाऊन स्लाइडचा आकार बदललात तर प्रत्येक फोटोची मांडणी हलेल.

एवढं करूनही तिकडे लाल फुल्या दिसल्याच, तर घाईत ‘सेव्ह’ दाबू नका. आधी सगळा फोल्डर त्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या, कारण पेन ड्राइव्हवरून जोडलेले दुवे तो काढला की पुन्हा तुटतात. मग पॉवरपॉइंटमध्ये ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’मधून ‘चेंज सोर्स’ करा. प्रीमिअरमध्ये एक फोटो दाखवून दिला की बाकीचे ते स्वतःच शोधतं, आतल्या फोल्डरांची रचना मूळसारखीच असेल तर. सगळं जुळल्यावर वेगळ्या नावाने सेव्ह करा, आणि हीच नवी फाइल फोल्डरसकट पेन ड्राइव्हवर परत घ्यायला विसरू नका, नाहीतर मावशीचा फोटो हॉलच्या लॅपटॉपवरच राहील.