नाताळाच्या आधी नवरा-बायकोने एकत्र रजा कशी काढावी

नाताळ ते थर्टी फर्स्ट या आठवड्यात बाहेर जायचा हट्ट आधी सोडा. त्या दिवसांत हॉटेलवाले दर वाढवून बसलेले असतात आणि निम्मं ऑफिस रजेच्या रांगेत असतं. त्याच्या आधीचे दिवस धरा. २०२६मध्ये नाताळ शुक्रवारी आहे. २१ ते २३ डिसेंबर अशी तीन दिवसांची रजा टाकली की मागचे शनिवार-रविवार धरून पाच दिवस होतात. २४ला कामावर हजर, २५ला सुट्टी. ज्यांना फक्त दुसरा-चौथा शनिवार सुट्टीचा असतो त्यांनी १९ तारखेची रजा वेगळी धरावी, कारण तो तिसरा शनिवार आहे.

शुक्रवार १८चीही रजा टाकून मोठी सुट्टी करा, असं सांगणारे खूप भेटतील. ऐकू नका. बऱ्याच ऑफिसांत सँडविचचा नियम असतो. शुक्रवार आणि सोमवार दोन्हीकडे रजा असली की मधले शनिवार-रविवारसुद्धा रजेतून कापले जातात. दोघांच्या कंपन्यांचे नियम सारखे नसतात, म्हणून दोघांनीही आपापल्या एचआरला विचारून घ्या.

आता खरी अडचण. एकाची रजा मंजूर होते आणि दुसऱ्याची ‘बघू, नंतर सांगतो’वर लटकते. आमच्याकडे हे गाडं वर्षानुवर्षं इथेच अडायचं. एक जण बॅग भरायच्या गोष्टी करतोय आणि दुसरा साहेबांचा मूड बघतोय, यात घरात भांडणं होतात आणि सुट्टी निघण्याआधीच आंबते. म्हणून माझा नियम पक्का आहे: ज्याची रजा अवघड, त्याने आधी विचारायचं. ज्याची सहज मिळते त्याने तोवर गप्प बसायचं. दोघांनी एकाच दिवशी अर्ज टाकावा, हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण एक अर्ज मंजूर आणि एक नामंजूर झाला की मंजूर झालेली रजा मागे घ्यायला तोंड राहत नाही.

विचारायचं कधी? दसऱ्याच्या आधी. डिसेंबर उजाडला की लॅप्स होणारी सीएल, म्हणजे किरकोळ रजा, सगळ्यांनाच आठवते आणि मग आपण गर्दीतले एक ठरतो. विचारायचं कसं? ‘जरा चार दिवस गावी जायचं होतं’ असं पुटपुटत कधीच नाही. बाहेर जाऊन आजारपणाची थाप तर मुळीच नको. एका फोटोत सगळं उघडं पडतं आणि पुढे खरं आजारपण आलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही. सरळ लिहा (पीएल म्हणजे हक्काची रजा): ‘सर, २१ ते २३ डिसेंबर तीन दिवस पीएल हवी आहे. २४ला मी हजर आहे आणि ३१पर्यंत पुन्हा रजा घेणार नाही. माझं काम कोण बघेल ते ठरवून त्यांच्याशी बोलले आहे.’ यातलं मधलं वाक्य सगळ्यात मोलाचं. वर्षअखेरीला माणसं कमी पडणार ही साहेबांची खरी काळजी असते आणि आपण नेमके तेव्हाच हजर राहणार असतो. तोंडी ‘हो’वर विसंबू नका, मेलवर मंजुरी घ्या.

मग तिकिटं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ला उघडतं. समजा मुंबईहून मालवणला जायचंय, तर शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीहून रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस धरली की सकाळी कुडाळ आणि तिथून मालवण. १८ डिसेंबरचं बुकिंग १९ ऑक्टोबरला, २३च्या परतीचं २४ ऑक्टोबरला. परतीला दिवसाची मांडवी एक्स्प्रेस घ्या, रात्री घरी पोहोचून झोप तरी होते. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. आरएसी, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळता फक्त बसायची जागा, राहिली तर बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना रात्रभर बसून जावं लागेल, ही तयारी ठेवा. तत्काळच्या भरवशावर राहू नका.

राहण्याची जागा फोन करून ठरवा, जेवणासकट.

ऑफिसच्या फोनचं निघण्याआधीच ठरवा. नाश्त्यानंतर अर्धा तास, दोघांनी एकाच वेळी. वेगवेगळ्या वेळा ठेवल्या तर सकाळ एकाची जाते आणि संध्याकाळ दुसऱ्याची, आणि एकत्र रजा काढण्यासाठी केलेली सगळी धडपड पाण्यात जाते.

२४ला वेळेवर पोहोचा, सोपवलेलं काम सकाळीच परत घ्या. ज्यांनी ते सांभाळलं त्यांच्यासाठी मालवणी खाजाचं एक पाकीट वेगळं ठेवा आणि त्यांच्या हातात द्या.